घर, घुमट आणि मोसंबीची साल

उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘हीट डोम’ हा शब्द झळकू लागला की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे शहरावर पालथी घातलेली कढई उभी राहते. प्रत्यक्षात असे झाकण कुठेच नसते. उच्च दाबाच्या क्षेत्रात कोरडी हवा खाली उतरते, दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने तापते, एवढेच.

मुळात ‘डोम’ या शब्दातही आरंभी घुमट नव्हताच. लॅटिन ‘डोमुस’ म्हणजे घर. देवाचे घर म्हणून इटलीत मुख्य चर्चला ‘दुओमो’ म्हणू लागले आणि पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईतो अर्थ घरावरून त्याच्या छपरावर सरकला. या शब्दाचा संस्कृत भाऊबंद म्हणजे ‘दम’: ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी ‘स्वे दमे’, म्हणजे स्वतःच्या घरी वाढतो, आणि ‘दंपती’ हे भाषाशास्त्रानुसार मूळचे घरधनी. आपला ‘घुमट’ मात्र फारसी ‘गुंबद’च्या कुळातला आहे, आवाज घुमतो म्हणून घुमट, ही व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर उभी आहे. घुमटाखालचा नादही वक्र पृष्ठभागावरून होणाऱ्या परावर्तनाचा असतो. ‘घुमटाकार ऊर्जे’ची दुकाने चालवणाऱ्यांनी त्यावर हक्क सांगू नये.

खरे नवल घुमट उभा राहतो कसा, यात आहे. मुंबईच्या फोर्टमधील जीपीओची, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाची इमारत जॉन बेग यांनी आखली, ती 1913 मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या घुमटाला आदर्श होता विजापूरचा, 1656 चा गोलघुमट. अशा अर्धगोलावर भूगोलाच्या तासाची अक्षवृत्ते आणि रेखावृत्ते कल्पावीत. वजन रेखावृत्तांवरून खाली उतरते. माथ्याजवळच्या अक्षवृत्तांतील दगड त्यामुळे एकमेकांना आवळतात. पण माथ्यापासून सुमारे 52 अंशांखाली दगडांची अशीच आडवी कडी बाहेर फाकू पाहतात, आणि दाब सोसणारा दगड ताण मात्र सोसत नाही. म्हणून घुमटाच्या उभ्या भेगा बहुधा खालच्या भागात आढळतात.

रसवाल्याच्या गाडीवरची मोसंबीची पिळलेली अर्धी साल पालथी ठेवून तळहाताने दाबावी: कड फाकते, चीर तेथून वर चढते आणि माथा शाबूत राहतो. तीच कड रबरबँडने आवळली, तर साल बराच अधिक जोर सोसते. युरोपात अनेक घुमटांना यासाठी लोखंडी साखळ्या घातल्या गेल्या. विजापूरच्या कारागिरांनी मात्र एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर बांधकामाचे जड कडे आतल्या बाजूला झुकवले. ते आत ओढते, घुमट बाहेर रेटतो, आणि सुमारे 44 मीटर बाह्य व्यासाचा तो डोलारा मध्ये एकही खांब न घेता उभा आहे.