घोणस, काचेची नळी आणि वीस मिनिटं

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. दिवेलागणीनंतर तर साप हा शब्दही चालत नाही, 'जनावर' म्हणायचं. मागच्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी थोरल्या काकूला पान लागलं ते बांधावर वैरण कापताना. डाव्या हातानं गवताची मूठ धरली आणि विळा लावायच्या आधीच अंगठ्याच्या मुळाशी दोन ठिपके उमटले. घोणस चावण्याआधी कुकरच्या शिट्टीसारखी फुस्कारते, पण शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालू होता. काकूला काही ऐकूच आलं नाही.

पुढचं सगळं ठरल्यासारखं घडलं. एकानं दंडाला करकचून बांधायला दोरी आणली. दुसऱ्यानं कडुलिंबाचा पाला आणला. कडू लागला नाही तर विष चढलं, अशी त्याची तपासणी. तिसरा कुठल्या देवळात न्यायचं ते सांगत होता. चुलतभावानं दोरी फेकून दिली आणि हातातल्या बांगड्या तेवढ्या काढल्या. हात सुजला की त्याच रुततात. मग हात हलणार नाही असा झोळीत अडकवून गाडी काढली. दोरी फेकली हे फार बरं झालं. घोणसचं विष मांस कुजवतं. आवळून बांधलं की ते एकाच जागी साचून राहतं, शिवाय रक्तपुरवठाही तुटतो. हातपाय कापायची वेळ अनेकांवर सापापेक्षा दोरीमुळंच येते.

दवाखान्यात डॉक्टरांनी साप मारून आणलाय का वगैरे काही विचारलं नाही. त्यांनी सिस्टरला नवी कोरी काचेची नळी काढायला सांगितलं. दोन मिली रक्त नळीत घेतलं, नळी स्टँडमध्ये उभी केली आणि "कुणी हात लावायचा नाही" असं बजावून भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. बरोबर वीस मिनिटांनी त्यांनी नळी एकदाच तिरकी केली. निरोगी माणसाचं रक्त तोवर खरवसासारखं घट्ट झालेलं असतं. काकूचं रक्त पाण्यासारखं वाहिलं.

या चाचणीला ना वीज लागते ना यंत्र. पण नळी काचेचीच हवी, कोरडी हवी आणि साबणानं धुतलेली नको. काचेचा स्पर्श हाच रक्त गोठण्याच्या साखळीला पहिला धक्का देतो. प्लॅस्टिक तो देत नाही आणि काचेला चिकटलेला साबणाचा अंश तो मारून टाकतो. म्हणजे चुकीची नळी घेतली तर धडधाकट माणसाचं रक्तही गोठणार नाही आणि त्याला विनाकारण औषध जाईल. वैद्यकातली इतकी स्वस्त आणि इतकी मोलाची दुसरी चाचणी मला तरी माहीत नाही.

रक्त गोठत नाही म्हणजे विषानं ते पातळ केलं, असा बहुतेकांचा समज. प्रकार नेमका उलटा आहे. रक्त गोठवणारे जे घटक असतात त्यांतल्या पाचव्या आणि दहाव्या घटकाला घोणसचं विष थेट जागं करतं. शरीरभर बारीक बारीक गुठळ्या व्हायला लागतात आणि बघता बघता गुठळीचे धागे विणणाऱ्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचा सगळा साठा संपतो. आदल्या रात्रीच कुणी कोठीघर उघडून शिधा उधळावा आणि सकाळी पंगतीला भांडी रिकामी, तसं. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येतं आणि थांबत नाही.

काकूला प्रतिविष लावलं. या औषधाची मूळ कल्पना १८९० च्या दशकातली आहे. फ्रान्समध्ये फिसालिक्स आणि बर्त्रां यांनी आणि त्यांच्यापाठोपाठ काल्मेत यांनी ती सिद्ध केली. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस द्यायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की ती काढून माणसाला द्यायची. आजही तेच करतात. आपल्याकडची ही प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते. तिचा एक मिली घोणसचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो. आंबोलीच्या बाजूला झाडाझुडपांत सापडणारा चापडा या चौकडीत नाही, त्याच्यावर ही लस बनवलेलीच नाही. आणखी एक गोष्ट बायाबापड्यांना पटत नाही: चार वर्षांच्या पोराला आणि ऐंशी किलोच्या बाप्याला डोस सारखाच. साप काही वजन बघून विष सोडत नाही.

दर सहा तासांनी नळीचा तोच खेळ. सहाच का, तर विष निकामी झाल्यावर यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. तिसऱ्या नळीत रक्ताचा गोळा बसला तेव्हा सिस्टरनं ती नळी उलटी करून आम्हाला दाखवली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण घोणस एका विभागात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी काकूची लघवी कमी झाली आणि मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साचणारं क्रिएटिनिन चढलं. गुठळ्यांनी मूत्रपिंडातल्या केसाएवढ्या वाहिन्या बुजतात, विषही तिथल्या पेशींना थेट मारतं. काकूचं डायलिसिसविना भागलं, शेजारच्या खाटेवरच्या ऊसतोड्याचं नाही. दक्षिण भारतातून तर असे रुग्ण नोंदवलेत की केशवाहिन्याच गळू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, डोळ्यांचे पांढरे भाग फुगतात, कानाखालच्या लाळग्रंथी सुजून चेहरा त्रिकोणी दिसतो आणि रक्तदाब कोसळतो.

मला सगळ्यात जास्त चकित केलं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीनं. बाळंतपणात अति रक्तस्राव झाला की काही बायकांची ही ग्रंथी मरते, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. घोणसच्या दंशानंतर हुबेहूब तेच होतं, हे १९८७ साली ब्रह्मदेशातल्या रुग्णांवरून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नंतर भारतातूनही तसे रुग्ण नोंदवले गेले. कधी ते दंशानंतर काही दिवसांत कळतं, कधी काही वर्षांनी. माणूस सदा थकलेला, थंडी सोसत नाही, पुरुषाची दाढी वाढेनाशी होते, बाईची पाळी बंद होते, अंगावरचे केस झडतात. "वय झालं" म्हणून घरचे सोडून देतात. कॉर्टिसॉल आणि थायरॉइडची साधी रक्ततपासणी केली तर निदान होतं आणि काही रुपयांच्या गोळ्यांवर माणूस उठून कामाला लागतो. पण दहा वर्षांपूर्वी पान लागलं होतं का, हे ओपीडीत विचारणार कोण?

आणि हा काही दुर्मीळ आजार नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ साली. तोवर तो यादीतही दुर्लक्षितच होता म्हणायचं!

एक अडचण फार कमी लोकांना ठाऊक आहे. लसीसाठी लागणारं विष वर्षानुवर्षं मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येत आलंय. तिकडची घोणस आणि इकडची घोणस, जात एकच, पण विषाची भट्टी वेगळी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटानं देशातल्या ३४ ठिकाणच्या ११५ घोणसींचं विष तपासलं. २०२५ साली त्यांनी मांडलं की त्या त्या भागातलं तापमान आणि पाऊस यांवरून विषाच्या घटकांचा काही अंशी अंदाज येतो. कोरड्या भागात प्रथिनं फोडणारे घटक जास्त. हे वाचताना मला आपला कोल्हापूर जिल्हा आठवला. गगनबावड्यात छत्री मिटत नाही आणि त्याच हंगामात शिरोळचा शेतकरी आभाळाकडं बघत बसतो. एवढ्याशा टापूत विषाच्या किती चवी असतील कोण जाणे.

नव्या औषधांच्या बातम्या अधूनमधून 'सर्व सापांवर एकच लस' अशा मथळ्यानं येतात. २०२५ च्या मे महिन्यात आली ती टिम फ्रीड या अमेरिकन माणसाची. या गड्यानं जवळजवळ अठरा वर्षं स्वतःला सोळा जातींच्या सापांचं विष टोचून घेतलं, एकूण ८५६ वेळा. (घरी कुणी करून बघू नका.) त्याच्या रक्तातली दोन प्रतिपिंडं आणि व्हारेस्प्लॅडिब नावाचं औषध यांच्या मिश्रणानं उंदरांना १९ पैकी १३ जातींच्या विषापासून पूर्ण वाचवलं, उरलेल्यांत अंशतः. काम मोठंच आहे. पण ते एकोणीसच्या एकोणीस साप नाग-मण्यारीच्या कुळातले. घोणस आणि फुरसं त्या कुळातले नव्हेत, म्हणजे काकूच्या अंगठ्याला त्या मथळ्याचा उपयोग शून्य. त्याच वर्षी जानेवारीत संगणकावर बेतलेल्या प्रथिनांचीही बातमी आली. बनवणाऱ्यांत आदल्या वर्षीचे नोबेल मानकरी डेव्हिड बेकर होते. तीही नागाच्या कुळापुरतीच.

मला जास्त आशा वाटते ती त्या मिश्रणातल्या तिसऱ्या, कमी चमकदार भिडूची. व्हारेस्प्लॅडिब मुळात सापासाठी नव्हतंच. हृदयविकाराच्या रुग्णांवर ते सपशेल पडलं, झटके कमी होण्याऐवजी वाढले आणि २०१२ साली ती चाचणी थांबवावी लागली. पण ते ज्या एन्झाइमला रोखतं, तेच बहुतेक विषारी सापांच्या विषात असतं, घोणसच्याही. शिवाय ते तोंडावाटे देता येतं. भारत आणि अमेरिकेतल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०२४ मध्ये आले. मुख्य कसोटीवर ते ठोस उतरलं नाही. दंशानंतर पाच तासांच्या आत मिळालेल्यांत मात्र फायद्याची चिन्हं दिसली. बांधापासून दवाखान्यापर्यंतच्या त्या पाऊण तासात देता येईल अशी गोळी निघाली तर रानात राबणाऱ्यांना ती हवीच आहे.

जुनं औषध नव्या कामाला लावायची युक्ती महाराष्ट्राला नवी नाही म्हणा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाचं प्राझोसिन विंचवावर वापरून कोकणातली किती माणसं वाचवली ते सगळ्यांना माहीत आहे.

उलट दिशेची वाहतूकही चालू असते. अँजिओप्लास्टीत गुठळी होऊ नये म्हणून देतात ते टिरोफिबान फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाची नक्कल करून बेतलं गेलं. रक्तदाबाच्या कॅप्टोप्रिलची वाट ब्राझीलच्या एका सापानं दाखवली. घोणसचं विष तर १९३० च्या दशकात हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मापासून रक्त नीट न गोठणाऱ्या, रुग्णांच्या जखमेतलं रक्त गोठवायला वापरत होते आणि ते अजून प्रयोगशाळेतून हटलेलं नाही.

ते मला कळलं काकूमुळंच. यंदा दिवाळीत तिच्या सुनेचे रक्ताचे कागद माझ्याकडं आले. दोनदा गर्भ राहून पडला होता आणि डॉक्टरांनी 'डीआरव्हीव्हीटी' नावाची तपासणी लिहिली होती. काही बायकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की गुठळ्या होऊन गर्भ पडतो. ती शोधायची ही चाचणी. काकू माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत होती.

"ह्यातला आर म्हणजे रसेल," मी सांगितलं, "रसेल व्हायपर म्हणजे आपली घोणस. तिचं जरासं विष घालून हिचं रक्त किती वेळात गोठतं ते बघणार."

काकूनं शेंगांची बुट्टी बाजूला सारली आणि अंगठ्याच्या मुळाशी राहिलेला काळा डाग चोळला.

"म्हंजे हितं बी ईस मिनिटं थांबायचं व्हय रं?"

"न्हाई काकू, हे अर्ध्या-पाऊण मिनिटात होतंय."