सीआरपी: न्यूमोनियापासून हृदयविकारापर्यंत

कोविडच्या काळात ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. पण या प्रथिनाचा शोध 1930 सालचा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचा रक्तद्रव तपासत होते. न्यूमोकॉकस जंतूतली ‘सी’ नावाची शर्करा त्यात मिसळली की साका धरायचा. रुग्ण बरा झाला की धरायचा नाही. म्हणून नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी. शरीरात कुठेही दाह, म्हणजे आतली सूज असली की ते रक्तात वाढतं.

धमन्यांच्या विकारात दाह असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्खोने एकोणिसाव्या शतकातच मांडलं होतं. पण 1913 मध्ये रशियन शास्त्रज्ञ अनिचकोव्हने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या बिघडवून दाखवल्या आणि पुढे सगळं लक्ष कोलेस्टेरॉलनेच खाल्लं. ते प्रमाणात असलेल्यांनाही हृदयविकाराचे झटके येत, त्याचं काय?

1997 मध्ये बॉस्टनच्या पॉल रिडकर यांनी निरोगी अमेरिकी डॉक्टरांचं साठवलेलं रक्त तपासलं. ज्यांचा सीआरपी सर्वांत वरच्या गटात होता, त्यांना पुढे झटका येण्याचा धोका सर्वांत खालच्या गटाच्या जवळपास तिप्पट निघाला. जंतुसंसर्गात हा आकडा शंभरीपार जातो. हृदयाच्या धोक्यात मात्र सगळा खेळ लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅमचा. त्यासाठीच एचएस-सीआरपी ही जास्त संवेदनशील तपासणी. सर्दी-तापात ती करून घेणं म्हणजे पैसे वाया.

2008 च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत 17,802 जणांवर रोसुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाचा प्रयोग झाला. झटके घटले, गाजावाजाही झाला. पण स्टॅटिनने कोलेस्टेरॉल आणि सीआरपी दोन्ही उतरतात, मग श्रेय कोणाला द्यायचं? त्यातच जनुकीय अभ्यासांतून दिसलं की सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, तो नुसती चहाडी करतो.

खरा निवाडा 2017 च्या ‘कॅन्टॉस’ चाचणीने दिला. कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह रोखला, आणि 150 मिलिग्रॅमच्या मात्रेत झटका, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्के घटले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, शिवाय औषध भयंकर महाग.

मग पाळी आली गाऊट या सांधेदुखीवरच्या जुन्या, स्वस्त औषधाची, कोल्चिसिनची. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातलं विष ते हेच. 2019 आणि 2020 च्या चाचण्यांत ते उपयोगी ठरलं, 2023 मध्ये अमेरिकेत त्याला हृदयरोगासाठी मान्यता मिळाली. 2024 च्या ‘क्लिअर’ चाचणीत मात्र झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन सुरू केलेल्या रुग्णांचा सीआरपी उतरला, पण पुढचे झटके आणि मृत्यू काही घटले नाहीत.