वकिलाची नोटीस आणि कोर्टाचं समन्स

दुकानातून हप्त्यांवर घेतलेल्या मोबाइलचे, फ्रिजचे चार हप्ते थकले की घरी कागद यायला लागतात. माणसं नेमकी चुकीच्या कागदाला घाबरतात. वकिलाच्या लेटरहेडवर ठळक अक्षरांत 'अंतिम सूचना' आली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि कोर्टाच्या बेलीफाने आणलेला समन्सचा फिकट कागद? 'घेतलाच नाही तर काय करतील?'

वकिलाची नोटीस म्हणजे कंपनीचं म्हणणं, वकिलामार्फत कळवलेलं. ती निघायला कोर्टात काही दाखल व्हावं लागत नाही. आत 'अटक', 'जप्ती' काहीही लिहिलेलं असतं. पण निव्वळ कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नाही. उत्तराची सक्ती नाही, तरी रक्कम चुकीची असेल तर लेखी कळवून पोच ठेवावी. फक्त जुन्या कर्जाबाबत जपून लिहा. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते, आणि ती संपायच्या आत सही करून कर्ज कबूल केलंत की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

अपवाद चेकचा. चेक न वटल्याची, चेकबाबतच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खालची नोटीस बहुधा वकिलाकडूनच येते आणि तिला केराची टोपली दाखवणं महागात पडतं. मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी तक्रार करता येते. खात्यातून परस्पर कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट कायद्यात तशीच तरतूद आहे.

समन्स कोर्ट काढतं. त्यावर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, तारीख, शिक्का. नेहमीच्या दाव्यात लेखी कैफियतीला, म्हणजे तुमच्या लेखी उत्तराला, ३० दिवस. समरी सूट (झटपट चालणारा वसुलीचा दावा) असेल तर १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमचं न ऐकताच कोर्टाचा निकाल, मग पगारावर किंवा खात्यावर जप्ती येऊ शकते. कागद घ्यायला नकार दिल्याने काही टळत नाही. खरं-खोटं पाहायचं तर ई-कोर्ट्सच्या साइटवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाका.

लोकअदालतीची दावापूर्व (दावा दाखल होण्याआधीची) नोटीस दिसते समन्ससारखी, पण ते तडजोडीचं बोलावणं. गेलं नाही म्हणून शिक्षा नाही. मात्र तिथे सही केलीत की तो निवाडा हुकूमनाम्याइतका पक्का आणि त्यावर अपील नाही. तेव्हा झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा.