ऊर्जा आणि उत्पन्न (शेतीविषयक व्हिडिओ गेम)

शेतीविषयक व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला दोन गोष्टी जपून वापराव्या लागतात. पहिली म्हणजे बियाणे, अवजारे आणि जनावरे घेण्यासाठी लागणारा पैसा. दुसरी म्हणजे कुदळ, कुऱ्हाड किंवा झारी चालवताना दर वेळी थोडीथोडी खर्च होणारी ऊर्जा. नवखा खेळाडू बहुधा या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा ठेवतो आणि तेथेच फसतो, कारण कोणते पीक फायद्याचे हे त्या घडीला पैसा कमी पडतो आहे की ऊर्जा यावर ठरते.

या प्रकारच्या खेळांचा साचा 1996 मध्ये जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या खेळयंत्रासाठी आलेल्या आणि यासुहिरो वादा यांनी घडवलेल्या ‘बोकुजो मोनोगातारी’ या खेळाने घालून दिला. तो इंग्रजीत ‘हार्वेस्ट मून’ या नावाने ओळखला जातो. त्याच परंपरेतील ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ एरिक बॅरोन यांनी एकट्याने तयार केला आणि तो 26 फेब्रुवारी 2016 रोजी संगणकासाठी प्रकाशित झाला. पुढील विवेचन त्याच खेळाच्या पहिल्या वसंत हंगामावर आधारलेले आहे. मोबाइलवरील अनेक शेती-खेळांत संपलेली ऊर्जा खऱ्या घड्याळाप्रमाणे भरते किंवा पैसे मोजून भरून घ्यावी लागते. स्टारड्यू व्हॅलीत मात्र ती झोपेने आणि खाण्याने भरते, त्यामुळे ऊर्जेचे नियोजन हा येथे खेळाचाच भाग ठरतो.

खेळातील वर्षाचे चार हंगाम असून प्रत्येक हंगाम 28 दिवसांचा असतो. पावसाळ्याच्या आगेमागे वर्ष मोजणाऱ्या मराठी वाचकाला ही मांडणी सुरुवातीला परकी वाटते. दिवस सकाळी 6 वाजता सुरू होतो आणि मध्यरात्रीनंतर 2 वाजता सक्तीने संपतो. खेळाडूकडे आरंभी 500 नाणी, भेट मिळालेली पार्सनिपची (गाजरासारखे फिकट कंदमूळ) 15 बियाणी आणि 270 एकक ऊर्जा असते. कुदळ, टिकाव, कुऱ्हाड आणि झारी यांच्या प्रत्येक वापराला 2 एकके लागतात. त्या त्या कामातील कौशल्याची पातळी वाढेल तसा हा खर्च किंचित घटतो. मासेमारीचा गळ एकदा टाकण्यास 8 एकके पडतात. विळा चालवण्यास मात्र काहीच लागत नाही, म्हणून तण काढण्यासाठी कुऱ्हाड किंवा कुदळ वापरणे हा निव्वळ अपव्यय होय. साध्या कुऱ्हाडीने एक पूर्ण वाढलेले झाड बुंध्यासकट काढायचे तर सुमारे 15 घाव, म्हणजे 30 एकके जातात. पहिल्याच सकाळी सगळे रान साफ करण्याच्या उत्साहात नऊ झाडे तोडणाऱ्याच्या अंगात पेरणीपुरतेही त्राण उरत नाही.

ऊर्जा शून्यावर आली की पात्र थकते, संथ चालते आणि दुसऱ्या दिवशी जवळपास निम्म्याच ऊर्जेने उठते. मध्यरात्र उलटून गेल्यावर अंथरुणावर पडल्यास ऊर्जा कमी भरून येते. रात्री 2 वाजता घराबाहेर कोसळल्यास खिशातील रकमेचा दहावा हिस्सा, मात्र 1000 नाण्यांपेक्षा अधिक नाही, गमवावा लागतो.

पहिल्या दिवशी सर्व 500 नाण्यांचे पार्सनिप घेतल्यास 20 नाण्यांना एक या दराने 25 बियाणी येतात आणि भेटीची धरून 40 होतात. साध्या झारीतही नेमके 40 चौकोनांपुरतेच पाणी मावते. खणण्यास 80 आणि पाणी घालण्यास 80 अशी 160 एकके त्या दिवशी खर्च होतात. तिसऱ्या दिवशी हमखास पाऊस पडतो, त्यामुळे त्या दिवसाची झारी वाचते. पाचव्या सकाळी, कावळ्यांनी काही रोपे खाल्ली नाहीत तर, प्रत्येकी 35 प्रमाणे साधारण 1400 नाणी हाती येतात. (शेतात 16 किंवा अधिक रोपे असली की कावळ्यांचा धोका सुरू होतो आणि बुजगावणे करण्याची कृती शेतीची पहिली पातळी गाठल्यावरच कळते.) माल विक्रीपेटीत टाकल्यास पैसे दुसऱ्या सकाळी जमा होतात, गावातील दुकानदार पिअरच्या दुकानात नेऊन विकल्यास त्याच भावाने लगेच मिळतात आणि त्याच दिवशी नवे बियाणे घेता येते. हे दुकान बुधवारी बंद असते.

फ्लॉवरचे बियाणे 80 नाण्यांना मिळते आणि 12 दिवसांनी पीक 175 नाण्यांना विकले जाते. गुंतवलेल्या पैशाच्या दृष्टीने पार्सनिप सरस आहे, कारण तेच भांडवल 12 दिवसांत तीनदा फिरून पाचपटीहून अधिक होऊ शकते, तर फ्लॉवरमध्ये ते दुपटीच्या थोडेसे वर जाते. ऊर्जेच्या दृष्टीने हिशेब उलटतो. पार्सनिपच्या एका रोपाला खणणे आणि चार दिवसांचे पाणी मिळून 10 एकके लागतात आणि निव्वळ नफा 15 नाण्यांचा, म्हणजे एककामागे दीड नाणे होतो. फ्लॉवरला 26 एकके लागतात, पण नफा 95 नाण्यांचा, म्हणजे एककामागे साडेतीन नाण्यांहून अधिक असतो. बटाटा या दोहोंच्या मधोमध बसतो. यावरून नियम असा निघतो की खिसा रिकामा असताना पार्सनिप लावावे आणि पाणी घालतानाच दिवसाची ऊर्जा संपू लागली की फ्लॉवरकडे वळावे. मात्र हंगाम पालटताच उभे पीक मरते, म्हणून फ्लॉवर 16 तारखेनंतर लावू नये.

याच हिशेबाने खाण्याचेही गणित सुटते. गावातील सलून नावाच्या खानावळ-मद्यालयात 220 नाण्यांना मिळणारे सॅलड 113 एकके देते, म्हणजे एकक सुमारे दोन नाण्यांना पडते. ते खाऊन पार्सनिप पिकवणारा तोट्यात जातो आणि फ्लॉवर पिकवणारा नफ्यात राहतो. रानात फुकट मिळणारे मात्र विकू नये. जंगलाच्या दक्षिण टोकाला उगवणारी कांद्याची पात विकल्यास 8 नाणी येतात, पण खाल्ल्यास 13 एकके मिळतात. 15 ते 18 तारखांना झुडपांवर लागणारी सॅमनबेरी 5 नाण्यांना जाते आणि 25 एकके देते. या चार दिवसांत जमवलेल्या बेरी पुढे कित्येक दिवस खाणीत उपयोगी पडतात.

13 तारखेच्या अंडी उत्सवात स्ट्रॉबेरीचे बियाणे 100 नाण्यांना मिळते. त्याच दिवशी लावल्यास 21 आणि 25 तारखेला प्रत्येकी 120 नाण्यांची दोन पिके निघतात आणि ऊर्जेच्या मोबदल्यात फ्लॉवरही मागे पडतो. अडचण अशी की उत्सवातून खेळाडू रात्री 10 वाजता घरी परततो. म्हणून सकाळीच जमीन खणून, भिजवून ठेवणे आणि 13 तारखेच्या उत्सवापर्यंत रोकड हाताशी राखणे, या दोन्ही गोष्टी आधी कराव्या लागतात. अनेक नवखे खेळाडू नेमके आदल्या आठवड्यात सगळा पैसा फ्लॉवरमध्ये अडकवून बसतात.

पहिल्या पंधरवड्यात शेतीला मासेमारीची जोड देणे शहाणपणाचे असते. दुसऱ्या दिवशी गावातील कोळी विली बांबूचा गळ फुकट देतो आणि पावसाळी दिवशी, झारीची ऊर्जा वाचलेली असताना, नदीवर जावे. कॅटफिश तेव्हाच गळाला लागतो व 200 नाण्यांना विकला जातो, मात्र नवख्याच्या हातून तो वारंवार निसटतो.

झारी सुधारण्यास लोहार क्लिंट 2000 नाणी व तांब्याच्या 5 लगडी घेतो आणि ती दोन दिवस स्वतःकडे ठेवतो. पाण्याविना पीक मरत नसले तरी वाढत नाही. यासाठी दूरचित्रवाणीवरील हवामान पाहून, उद्या पाऊस असेल तर आज पाणी घालून झाल्यावर झारी द्यावी आणि परवा सकाळी परत आणावी. एकही दिवस वाया जात नाही.

ऊर्जेची खरी कोंडी फवाऱ्यांनी सुटते. शेतीच्या दुसऱ्या पातळीवरील फवारा फक्त लगतचे 4 चौकोन भिजवतो आणि त्याला लागणारे तांबे व लोखंड पाहता तो फारसा परवडत नाही. सहाव्या पातळीवरील फवारा 8 आणि नवव्या पातळीवरील 24 चौकोन भिजवतो. तेथून पुढे लोणच्याच्या बरण्या आणि पिंपे यांतून माल मुरवून विकणे सुरू होते. 35 नाण्यांच्या पार्सनिपचे लोणचे 120 नाण्यांना जाते आणि त्यासाठी ऊर्जेचे एक एककही खर्चावे लागत नाही; मोजावे लागतात ते बरण्या भरण्या-उपसण्यात जाणारे तास.