प्रादेशिक सेनेचा जवान आणि लष्करी कायदा: एक खुलासा

‘प्रादेशिक सेनेतल्या माणसावर बारा महिने लष्करी कायदाच चालतो, त्याला साध्या न्यायालयात खेचता येत नाही,’ हा समज बरीच वर्षे फिरतो आहे. प्रादेशिक सेना (टेरिटोरियल आर्मी) म्हणजे एरवी आपला नोकरी-धंदा सांभाळून गरजेपुरती लष्करी सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांचे दल. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २ नुसार नियमित सैनिक रजेवरही त्या कायद्याखाली असतो. प्रादेशिक सेनेचा जवान मात्र सेवेसाठी बोलावला गेल्यावर किंवा नियमित दलाशी जोडला गेल्यावरच त्याखाली येतो. एरवी गणवेश कपाटात ठेवून दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला तो माणूस कायद्याच्या दृष्टीने नागरिकच असतो. समजाचा दुसरा भाग तर नियमित सैनिकालाही लागू नाही: प्रत्यक्ष युद्धसेवेवर नसताना त्याने देशात एखाद्या नागरिकाचा खून केला, तर कलम ७० प्रमाणे खटला सामान्यतः फौजदारी न्यायालयातच चालतो. दोन्ही कलमे सरकारच्या ‘इंडिया कोड’ संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.