फ्रॉड कॉलमध्ये पैसे गेले तर १९३० वर तक्रार कशी करायची आणि ती कुठे अडते

पैसे गेलेले कळले की पहिला फोन १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), बाकी सगळं नंतर. लोक काय करतात, आज रविवार आहे, उद्या ब्रँचला जाऊ म्हणतात आणि तोवर पैसे दोन-चार खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात. १९३० वरून पुढच्या बँकेला रक्कम होल्ड करायला कळवतात म्हणून घाई. लाइन बिझी लागली तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर थेट तक्रार टाका. फोनवर नोंद झाली असेल तर एसएमएसमध्ये नंबर येतो, तो वापरून २४ तासांत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची, हे बरेच जण विसरतात.

ओळखपत्र, स्टेटमेंट, आलेल्या कॉलचा नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, एवढं बहुतेकांकडे असतं. नसतो तो युटीआर नंबर, म्हणजे बँकेकडचा त्या व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा १२ अंकी असतो, आणि लोक ॲपचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी टाकून मोकळे होतात. ॲपमध्ये तो व्यवहार उघडून नीट बघा, नाहीतर स्टेटमेंटमधून घ्या. आणि रागाच्या भरात आलेल्या कॉलचा नंबर, चॅट डिलीट करू नका हो, पुरावा तोच आहे.

आता तीन दिवसांचा घोळ. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य असं आहे, पण ते तुमची चूक नसताना. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतर काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार नंबर घ्या, काउंटरवर नुसतं तोंडी सांगून येऊ नका.

पोर्टलची पावती म्हणजे एफआयआर नाही. ठाण्यात "ऑनलाइन केलीय ना, मग झालं" म्हणून वाटेला लावतात, तिथे हटून बसा. आमची हद्द नाही म्हणाले तर झिरो एफआयआर मागा, ती कुठल्याही ठाण्यात होते.

पैसे गेले नाहीत, नुसता "डिजिटल अरेस्ट"वाला, म्हणजे पोलीस असल्याचं सांगून फोनवरच अटकेची भीती घालणारा कॉल आला (असली अटक कायद्यात नाहीच), तर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या चक्षू या तक्रार सुविधेत नंबर कळवा.

होल्ड झालेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत, बहुतेकदा कोर्टाची ऑर्डर लागते आणि वेळ जातो. नेमकं याच काळात "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही फ्रॉडच, ठेवून द्या.