वाक्याचा शेवट, शेवटच्या रांगेपर्यंत

नागपुरात मे महिन्यात कोणताही कार्यक्रम घ्यायचा म्हटला की वक्त्याच्या आधी कूलरची सोय पाहावी लागते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही घेतलेल्या एका वक्तृत्व शिबिरात सभागृहाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना मोठे कूलर लावले होते, माईक मुद्दामच दिला नव्हता आणि दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी शहरातील तलावांवर बोलत होती. भाषण तिने मेहनतीने लिहिले होते. ‘अंबाझरीत पावसाचे पाणी अडवले की उन्हाळ्यात साऱ्या शहराची तहान भागवता येईल, असे मला वाटत नाही,’ हे तिचे वाक्य पहिल्या रांगेत बसलेल्या मला स्पष्ट ऐकू आले. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘एकट्या अंबाझरीचे पाणी साऱ्या शहराला कसे पुरेल?’ ती गोंधळली, कारण ती नेमके तेच सांगत होती. ‘वाटत नाही’ एवढे दोन शब्द त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते आणि नकारही त्याच्यासोबत तिथेच येऊन बसतो. वाचणाऱ्याचे यात काही अडत नाही, कारण शंका आली तर त्याला मागे जाऊन ओळ पुन्हा पाहता येते. ऐकणाऱ्याला ती मुभा नसते. अडचण अशी, की जिथे अर्थ ठरतो तिथेच बोलणाऱ्याचा आवाज सर्वांत दुबळा असतो. फुफ्फुसांतून वर येणारी हवा स्वरतंतूंना कंप पावायला लावते आणि आवाज किती मोठा निघेल हे मुख्यतः स्वरतंतूंखालच्या हवेच्या दाबावर ठरते. वाक्य पुढे सरकते तसा हा दाब उतरत जातो आणि त्याबरोबर स्वराची पट्टीही खाली येते. गप्पा मारताना याचा त्रास होत नाही, कारण समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. मोकळ्या जागेत मात्र अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा ध्वनी ही घट थोडी भरून काढतो, पण तिथे कूलर असतो. शब्दातील स्वरांमध्ये ऊर्जा भरपूर असते. ‘स’, ‘त’, ‘ट’ यांसारखी व्यंजने मुळात क्षीण असतात आणि पंख्याच्या सततच्या घरघरीत तीच आधी बुडतात.

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये नोंदवले आणि या परिणामाला आजही त्यांचेच नाव आहे. पण हा आवाज चढतो तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या कानावर पडणाऱ्या गोंगाटाच्या प्रमाणात. आमच्या सभागृहात कूलर श्रोत्यांजवळ होते आणि व्यासपीठ तुलनेने शांत होते, त्यामुळे आवाज वाढवावा असे तिच्या शरीराला जाणवलेच नाही.

त्यात भीतीची भर पडते. १९९३ मध्ये जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ताण मोजण्यासाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत माणसाला तयारीला थोडा वेळ देऊन निर्विकार चेहऱ्याने बसलेल्या परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायला लावतात आणि त्यानंतर पाच मिनिटे तोंडी वजाबाकी करायला सांगतात. एवढ्यानेच लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण दुप्पट ते चौपट झाल्याचे दिसले. ताणाच्या संशोधनात ही चाचणी आजही जगभर वापरली जाते, यावरून भाषणाची भीती किती सार्वत्रिक आणि किती शारीरिक आहे, हे लक्षात यावे. ॲड्रेनॅलिनमुळे काही क्षणांतच हृदयाचे ठोके वाढतात आणि हातातला कागद थरथरतो, तोंडाला कोरड पडते आणि श्वास उथळ होऊन छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो. उथळ श्वासावर लांब वाक्य पेलत नाही. ते शेवटाकडे येता येता विरते. म्हणून उभे राहिल्यावर लगेच बोलायला सुरुवात न करता दोन-तीन श्वास सावकाश, लांबवर सोडावेत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके नैसर्गिकरीत्याच मंदावतात आणि त्याचा फायदा घेता येतो.

भीतीबद्दल आणखी एक गोष्ट मी प्रत्येक शिबिरात आवर्जून सांगतो. आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते आहे असे वक्त्याला वाटते, पण प्रत्यक्षात श्रोत्यांना ती बरीच कमी जाणवते. केनेथ साविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना बोलण्यापूर्वी हे समजावून सांगितले होते आणि त्यांची भाषणे त्यांना स्वतःला तसेच ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. केवळ माहितीने भीतीचा जोर कमी व्हावा, हे मला फार दिलासा देणारे वाटते.

तयारीच्या बाबतीत मात्र आपल्याकडची जुनी सवय आड येते. मुले भाषण वहीत लिहितात, पंधरा-वीस वेळा वाचतात आणि ‘सर, पाठ झाले’ म्हणतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा चार वेळा वाचायला दिला, तर दुसऱ्या गटाला एकदाच वाचायला देऊन नंतर तीन वेळा न पाहता आठवायला लावले. पुढे चांगले आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटाला अधिक होता. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला आणि दुसऱ्या गटाला ६१ टक्के. म्हणून वही मिटून, उभे राहून, मोठ्याने बोलणे हीच खरी तयारी आहे. सुरुवातीची दोन वाक्ये तेवढी अगदी तोंडपाठ असावीत, कारण धडधड तेव्हाच सर्वाधिक असते. बाकीचे मुद्दे क्रमाने लक्षात असले की पुरे. शब्दन्‌शब्द पाठ केलेले भाषण एक शब्द निसटला की तिथेच अडते.

मोठ्याने बोलून पाहिले की आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे कागदावर डौलदार वाटणारी वाक्ये श्वासात मावत नाहीत. ती ऐकणाऱ्याच्या डोक्यातही मावत नाहीत. माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी ध्यानात धरू शकतो, असे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडले. ‘जे’, ‘ज्या’, ‘ज्यामुळे’ यांनी लांबवलेल्या वाक्यात क्रियापद येईपर्यंत श्रोत्याला हे सारे ओझे धरून ठेवावे लागते. लेखात मी स्वतः लांब वाक्ये लिहितो, भाषणात ती तोडतो.

कस्तुरचंद पार्कसारख्या मैदानावर ध्वनिक्षेपक असला तरी काळजी वेगळ्या प्रकारे घ्यावी लागते. आपल्या उन्हाळ्यात ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो, म्हणजे ३५ मीटरवरच्या भिंतीवरून आपलेच शब्द एक पंचमांश सेकंदाने परत येतात. आपला आवाज नेमका एवढ्या उशिराने कानी पडला की जीभ अडखळते, हे १९५० पासून प्रयोगांतून माहीत आहे. अशा वेळी छोटे वाक्य बोलून थांबावे आणि प्रतिध्वनी विरल्यावर पुढे जावे.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एक कूलर व्यासपीठाजवळ आणून ठेवला आणि त्या विद्यार्थिनीला त्याच्या शेजारी उभे राहून सराव करायला सांगितले. तिने ते वाक्य तोडले आणि नकार पुढे आणला: ‘नाही, एकट्या अंबाझरीने शहराची तहान भागणार नाही. भागणे शक्यच नाही.’ या वेळी मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तिन्ही ‘नाही’ मला ऐकू आले आणि शेजारच्या त्या विद्यार्थ्याने तिला विचारले, ‘मग पाणी आणायचे कुठून?’